भिंतीचं गोत्र

नाना ढेब्यांनी बांधलेल्या झडीतून आजवर पाण्याचा टिपूस आत गेला नव्हता. अख्खं महाबळेश्वर हे सांगायचं, आणि एखाद्या दिवशी गाव सांगायला विसरलं तर नाना स्वतःच सांगायचे.

ज्यांनी महाबळेश्वर फक्त उन्हाळ्यात, हातात स्ट्रॉबेरीचा पेला धरून पाहिलंय, त्यांना झडी ठाऊक असायची नाही. इथला पाऊस वरून कमी आणि आडवा जास्त पडतो. तो जांभ्याच्या भिंतीत मुरू नये म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर घर वळचणीपासून जोत्यापर्यंत, खिडक्यांसकट, गुंडाळून टाकायचं, तीच झडी. नानांच्या वडिलांच्या काळी ती गवताची असे. मग प्लास्टिकचा कागद आला. आणि आता काही वर्षांपूर्वी जाड निळा कागद निघाला होता, ज्याच्या कडा हातातल्या यंत्रानं तापवून एकजीव करता येत. ना गाठ, ना फट. हे यंत्र गावात सगळ्यात आधी नानांनी आणलं. पाऊसही दरवर्षी जास्तच चेकाळत चालला होता, त्यामुळे नानांची चलती झाली. त्यांनी बांधलेलं घर बाहेरून पाहिलं तर त्यात माणसं राहतात की ते कुरियरनं कुठं पाठवायचंय, हे कळू नये.

स्वतःच्या घराची झडी तर काय विचारता! त्यातही उत्तरेकडच्या खोलीची. तिथं त्यांची सहा वर्षांची नात जुई झोपायची. पोरीला गारठा बाधू नये म्हणून तिच्या पलंगालगतच्या भिंतीला नानांनी बाहेरून कागदाचा दुसरा पदर चढवला होता. नातीवर एवढा जीव टाकणारा आजोबा शोधून सापडला नसता.

आणि तरीही जुईचा श्वास कोंडायचा.

गेल्या पावसाळ्यात सुरुवात झाली. यंदा तर आषाढ लागल्यापासून पोरगी आडवी. छातीतून सूं सूं आवाज, खांदे वरखाली, बोलताना वाक्य मध्येच तुटायचं. एक दिवस जेवताना, हातात घास तसाच धरून, ती आईकडे नुसती बघत राहिली. ओठ निळसर पडले होते. गौतमीनं, म्हणजे तिच्या आईनं, ताट बाजूला सारलं, दम्याचा पंप तोंडाशी धरला, पाठीवरून हात फिरवत राहिली. पोर सावरली.

“डॉक्टर काय म्हणाले, सांगितलं का नानांना?” गौतमीनं नवऱ्याला विचारलं.

सुयोग जॅमच्या कारखान्यात कामाला होता. बाप आणि बायको यांच्या मध्ये सापडला की तो स्वतःला आमटी वाढून घ्यायचा. आत्ताही त्यानं वाटी पुढं ओढली.

“मग मीच सांगते. डॉक्टर म्हणाले, पोरीला कोरड्या हवेत न्या. औषधं चालू राहतील, पण ही ओल तिला झेपायची नाही. नाना, मी पंचमीला माहेरी निघालेय. जुईला दहिवडीच्याच शाळेत घालणार.”

“पंचमीला जा की. रीतच हाय,” नाना म्हणाले. “पण माघारी कवा येणार?”

“त्याचं मी काही बोलत नाही.”

नानी जाऊन वर्षं झाली होती. आता घर म्हणजे ही पोरगी. पण पोटातलं ओठावर आणतील तर ते नाना कसले! त्यांनी आवाज चढवला. “ओल? माझ्या घरात ओल? बाहेर ढगफुटी होऊ दे, आत थेंब दिसला तर मिशी उतरवीन! तूच ओली धुणी घरात वाळत घालतीस. तुझ्या त्या माहेरच्या वाकळांचं गाठोडं आणलंयस, त्यातनं काय काय आलं असंल. तुम्हा माणदेशच्या लोकांना पाऊस काय कळणार? तिकडं ढग दिसला तर माणसं फोटो काढत्यात.”

“फोटो काढतो, पण श्वास घेतो,” गौतमी म्हणाली आणि जुईला उचलून आत गेली.

तो टोला नानांना चांगलाच बसला. रात्रभर धुमसून सकाळी त्यांनी ठरवलं, होऊन जाऊ दे दूध का दूध. त्यांनी फोन लावून यंत्र मागवलं.

या यंत्राचं सरकारी नाव ‘श्वासलेख’. दोन वर्षांपूर्वी ते जिल्ह्यात आलं, आणि त्यानं जेवढी भांडणं लावली तेवढी वाटण्यांनीही लावली नसतील. त्यामागची गोष्ट मोठी नामी आहे. बुरशी आपलं बी हवेत सोडते. हे बीजाणू धुळीपेक्षाही बारीक. आपण ते नकळत ओढतो आणि काहींची छाती त्यांच्यापायी बिथरते. आता बुरशी भराभर पिढ्या बदलते. तुमच्या न्हाणीतली काळी बुरशी आणि शेजाऱ्याच्या न्हाणीतली काळी बुरशी दिसायला एकच. पण वेगळ्या भिंतीवर, वेगळ्या ओलीवर काही काळ वाढल्या, की त्यांच्या जनुकांत बारीकसारीक फरक साठत जातात. माणसाच्या घराण्यात नाही का नाक बदलत जात, तसंच. श्वासलेख काय करतो, फुंकलेल्या श्वासातले बीजाणू टिपतो, त्यांची जनुकं वाचतो, आणि घरातल्या जागोजागच्या नमुन्यांशी ताडून सांगतो, की बाबा रे, हे बी अमक्या भिंतीचं.

गावानं त्याचं नाव ठेवलं, गोत्रयंत्र. भाडेकरू घरमालकांना कागद दाखवू लागले. एका घरात दोन सख्ख्या जावांनी सामाईक भिंतीवरून बोलणं टाकलं, कारण बुरशी धाकटीच्या बाजूची निघाली आणि खोकला थोरलीला. वाईच्या एका मुलीनं तर पत्रिका बाजूला सारून सांगितलं, आधी मुलाकडच्या भिंतींचं गोत्र दाखवा, मग कांदेपोह्यांचं बघू.

यंत्र घेऊन डॉक्टर नसीमा मुजावर आल्या. हसतमुख बाई, पायात गमबूट, पाठीवर पिशवी. नाना त्यांना घरभर स्वतः फिरवत होते. “हितलं घ्या. ही धुण्याची दोरी, हितलं नक्की घ्या. आन् हे गाठोडं. ह्या वाकळा माणातनं आलेल्या हायत, दाबून घ्या हितलं.”

गौतमी दाराला टेकून बघत होती. तिचे कान लाल झाले होते.

डॉक्टरबाईंनी स्वयंपाकघर, न्हाणी, दोरी, वाकळा, कपाटामागची जागा, सगळीकडून बोळे फिरवले. मग जुईच्या हातात नळी दिली. “फुंक हं बाळा, जमेल तेवढंच.” जुईला जेमतेम जमलं. यंत्र गुरगुरत बसलं, आणि नाना चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर, निकाल आपल्याच बाजूनं लागल्यासारखे, मांडी घालून बसले.

यंत्रानं टिंग केलं. डॉक्टरबाईंनी पडद्याकडे पाहून भुवया चढवल्या.

“या मुलीच्या श्वासात बीजाणू खूपच आहेत. आणि बहुतेक सगळे एकाच कुळीचे.”

“वाकळा ना?” नाना.

“नाही. वाकळा स्वच्छ आहेत. दोरीही नाही, न्हाणीही नाही. घेतलेल्या एकाही नमुन्याशी हे जुळत नाही.”

“म्हंजे शाळेतली!” नानांनी मांडीवर थाप मारली. “बघ गं गौतमी, तुझ्यावरचंबी बालंट गेलं. माझ्या घरात काय न्हाईच.”

“शाळेत ती आषाढापासून गेलेली नाही, नाना,” गौतमी म्हणाली. तिनं डॉक्टरबाईंकडे पाहिलं. “एक भिंत राहिली. जुईच्या पलंगाची. बाहेरून.”

“तिथं काय असणार? तिथं दुहेरी कागद हाय!”

“म्हणूनच,” गौतमी म्हणाली.

सुयोगनं आयुष्यात पहिल्यांदा मधे तोंड घातलं. “नाना, एक कोपरा उघडून दाखवा ना. काय नसलं तर लगेच चिकटवू.”

नाना तरातरा उठले, घोंगडं डोक्यावर घेतलं, कागद चिकटवायचं यंत्र आणि कटर घेऊन बाहेर पडले. पाऊस तोंडावर मारत होता. मागे डॉक्टरबाई, गौतमी, सुयोग. वळचणीखाली नानांनी निळ्या कागदाचा कोपरा कापला, मग आतल्या पदराचा, आणि विजयानं आत हात घातला.

हात बाहेर आला तो मनगटापर्यंत ओला, आणि काळा.

नाना त्या हाताकडे बघत राहिले. वास आला. तळघरात विसरलेल्या बटाट्यांचा असतो तसा, नाकाच्या शेंड्याला चिकटणारा. डॉक्टरबाईंनी बॅटरी मारली आणि भिंतीवरून एक बोळा फिरवून घेतला. पलंगालगतची अख्खी भिंत बाहेरून काळ्याहिरव्या बुरशीनं माखली होती, जागोजागी केसाळ.

“पाऊस तर आत आलाच न्हाई,” नाना पुटपुटले. “शिवण तर पक्की हाय. मग पानी कुठनं आलं?”

“तुमच्याकडूनच,” डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या. त्यांनी आत येऊन सगळं समजावलं. माणूस श्वास सोडतो, त्यात वाफ. भात शिजतो, त्याची वाफ. आंघोळ, धुणी, चहा, सगळ्यांची वाफ. चार माणसांच्या घरातून रोज घागरभर पाणी असं हवेत जातं. एरवी ते फटीफटींतून निघून जातं. जांभा तर नुसत्या भोकांचा दगड. वाफ त्यातूनही बाहेर पडते. पण बाहेर पडली आणि समोर गार प्लास्टिक! गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून थेंब धरतात ना, तसं त्या कागदाला आतून पाणी सुटलं. जायला वाट नाही. ते भिंतीवर उतरलं, आणि ऊन नाही, वारा नाही, बुरशीला आणखी काय हवं?

“पण ती बाहेर, पोरगी आत,” सुयोग म्हणाला.

“वाऱ्याचा झोत आला की कागद आत दबतो, झोत गेला की फुगतो. लोहाराचा भाता चालतो तसा. दर झोताला मधली हवा खिडकीच्या फटीतून आत ढकलली जाते. आणि खिडकीखाली हिचा पलंग.”

यंत्रानं टिंग केलं. ताडून बघायची खरं तर गरज उरली नव्हती. गोत्र जुळलं होतं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ज्या भिंतीला नानांनी सगळ्यात जास्त माया लावली, तिनंच पोरीचा गळा धरला होता. नाना काळा हात मांडीवर तसाच ठेवून बसले होते. लाज वाटत होती, पण लाजेपेक्षा मोठी भीती वाटत होती. ती एवढीशी पोर रात्र रात्र त्यांच्या हातचं विष ओढत होती, आणि ते पलीकडच्या खोलीत आपल्या शिवणीचं कौतुक करत झोपत होते. त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

“गौतमी,” ते म्हणाले. “पोरी, तुझ्या वाकळांस्नी नावं ठिवली मी. चुकलो.”

गौतमीला वाटलं होतं, असं काही ऐकायला मिळालं तर आपल्याला बरं वाटेल. प्रत्यक्षात तिला रडूच फुटलं.

नाना उठले. माळ्यावरचा कोयता काढला आणि भर पावसात उतरले. त्यांनी पहिला वार वळचणीखाली घातला आणि कागद जोत्यापर्यंत फाडत नेला. दुसरा वार. तिसरा. समोरच्या घरातली माणसं ओट्यावर आली. “आवं नाना, याड लागलं का? पाऊस बघा की!”

“बघितला!” नाना ओरडले. “जल्मभर पाऊसच बघितला. हवा बघायची राहिली!”

संध्याकाळपर्यंत भिंत उघडी पडली. आता पुढचा पेच. झडी ठेवावी तर बुरशी, काढावी तर आडवा पाऊस दगडातून आत. सुयोगनं पलंग स्वयंपाकघरात हलवला. डॉक्टरबाईंनी भिंत घासायची औषधं दिली, तोंडाला मुसकं बांधून घासा म्हणाल्या, स्वयंपाकघरात वाफ बाहेर ओढणारा पंखा बसवायला सांगितला. पण बाहेरच्या बाजूचं काय करायचं, ते त्यांच्या पुस्तकात नव्हतं. महाबळेश्वरचा पाऊस धरून पुस्तक लिहिलंय कुणी?

नाना ओट्यावर कोयता घेऊन बसले होते. गौतमीनं चहा आणला आणि शेजारी बसली.

“नाना, आमच्याकडं कांद्याची चाळ असते. बघितलीय तुम्ही, लग्नात आला होता तेव्हा.”

“व्हय. बांबूची, उंचावर.”

“उंचावर का? खालून वारा शिरला पाहिजे, वरून निघाला पाहिजे. वर पत्रा, पाऊस लागत नाही. पण पत्रा कांद्याला चिकटवत नाहीत कुणी. कोंडला की कांदा सडतो. माझे वडील म्हणायचे, कांद्याला पांघरूण नको, छत्री द्या.”

नाना चहा प्यायचे थांबले. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग हाताच्या वितीनं हवेत काहीतरी मोजलं.

“म्हंजे कागद भिंतीपासनं लांब धरायचा,” ते सावकाश म्हणाले. “बांबूचा सांगाडा. मदी हातभर मोकळी जागा. खाली जोत्यापाशी उघडा, वर वळचणीखाली उघडा.”

“आणि पाऊस आला तर?”

“कागदावर आपटंल आन् खाली जाईल. मागनं वारा फिरत ऱ्हाईल. आगं, हे तर...” नाना ताडकन उठले. “सुयोग! बांबू आण! आन् तू ग, हितंच थांब. कुठं फट ठिवायची ते तू सांगायचं. मला फटी बुजवायची सवय हाय, ठिवायची न्हाई.”

पुढचे दिवस त्या घरात नुसती धांदल होती. बांबू तासला, सांगाडा उभा राहिला, पाडला, पुन्हा उभा राहिला. पहिला सांगाडा वाऱ्यानं उडवून थेट समोरच्यांच्या परसात टाकला. नाना आणि गौतमी दिवसभर वाद घालायचे, आणि तो वाद ऐकून सुयोगला पहिल्यांदाच आमटी वाढून घ्यावीशी वाटली नाही. नाना म्हणायचे वरची फट मोठी झाली, गौतमी म्हणायची लहान झाली. मग दोघं मिळून उदबत्ती पेटवून धूर कुठं जातो ते बघायचे. दुसरा सांगाडा टिकला. धूर खालून आत शिरला, भिंतीला लगटून वर चढला आणि वळचणीखालून सुळकन निघून गेला. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत दगड हळूहळू फिका होत होता, म्हणजे वाळत होता. नाना रोज सकाळी भिंतीवर गाल टेकून बघायचे.

गावात बोभाटा झाला होताच. एका मोठ्या हॉटेलचे मालक पार्टेशेठ यांनी फोन केला.

“नाना, काय ऐकतो मी? स्वतःची झडी फाडली? आमच्या बावीस खोल्या तुम्हीच गुंडाळल्यात!”

“गुंडाळल्यात खऱ्या. शेठ, तुमचा तो रातपाळीचा म्हातारा वॉचमन अजून खोकतोय का?”

“खोकतोय. त्याचं काय?”

“मग फाडा. न्हाईतर मी येतो फाडायला. नवी मी बांधून देतो, पर आता माझी सून सांगंल तशी.”

शेठ चिडले, फोन आपटला, आणि दोन दिवसांनी स्वतःच येऊन त्या सांगाड्यामागे डोकं घालून वारा बघून गेले. नाना मात्र कुणी बोलवायची वाट बघत बसले नाहीत. जिथं जिथं त्यांनी कागद एकजीव केला होता, तिथं तिथं ते कोयता घेऊन गेले आणि दारात उभे राहून म्हणाले, माझं चुकलंय, झडी उघडू द्या. कुणी हसलं, कुणी दार लावलं. बहुतेकांनी कागद उचलून आत हात घातला आणि मग नानांना शिडी धरू लागले.

जुईचा पंप कमी कमी लागू लागला. डॉक्टरबाईंनी आणखी एकदा फुंकायला लावलं, म्हणाल्या, उतरलंय, पण एवढ्यात नाचू नका. मग पंचमी आली. गौतमीनं बॅग भरली. रीतीप्रमाणे ती माहेरी निघाली, जुईला घेऊन. माघारी कधी येणार, हे नानांनी विचारलं नाही. विचारायचा आपल्याला हक्क उरलाय असं त्यांना वाटत नव्हतं. “कांद्याची चाळ बारकाईनं बघून ये,” एवढंच ते म्हणाले.

घर मोकळं झालं. सुयोग कारखान्यात, नाना एकटे. ते भिंतीला गाल लावत, भिंत कोरडी लागे, आणि कोरड्या भिंतीचं करायचं काय, हे त्यांना कळेनासं होई. पंचमी उलटली. नारळी पौर्णिमा जवळ आली. तिथली हवा कोरडी, तिथं आजोळ, तिथं शाळा. त्या पोरीनं परत ह्या पाण्यात का यावं? तरीही ते साताऱ्याची गाडी यायच्या वेळेला स्टँडवर जाऊन उभे राहत. कुणी विचारलं तर म्हणत, पाय मोकळे करायला आलोय.

एका दुपारी गाडीतून गौतमी उतरली. खांद्यावर बॅग, हातात कांद्यांची पिशवी, मागे रेनकोटात जुई.

नाना दोन पावलं पुढं झाले. “शाळा...” एवढंच ते कसंबसं म्हणाले.

“शाळा इथलीच,” गौतमी म्हणाली. “दहिवडीच्या शाळेत नाव घालायला गेले होते, तर ही पाय आपटून रडली. म्हणाली, नानांनी भिंत माझ्यासाठी फाडली ना, मग मी का जायचं? काय उत्तर देणार होते मी तिला? नाना, आम्ही आलोय. राहायला.”

पाऊस असा लागला होता की समोरचं दुकान दिसत नव्हतं. घराकडची वाट म्हणजे सरळ चढण. नानांनी घोंगडं मागे सारलं आणि जुईला उचलून घ्यायला दोन्ही हात पसरून खाली वाकले.

जुई त्यांच्या हातांखालून निसटली आणि पळत सुटली.

“अगं हळू! अगं ए, पडशील!” नाना मागे धावले. पहिल्या वळणापर्यंत धावले, मग भरभर चालले, मग एका कुंपणाला धरून उभे राहिले. मागून गौतमी बॅग सावरत, हसत येत होती. हसता हसता ती रडत होती, आणि पावसात ते कुणाला दिसत नव्हतं म्हणून तिनं खुशाल रडून घेतलं. वर बघायला नानांना भीती वाटत होती. पोरगी आता थांबेल, छाती धरेल, आपण पोचेपर्यंत काय होईल...

वरून, अगदी घराच्या ओट्यावरून, आवाज आला. भर श्रावणात, भर पावसात, एका श्वासात आणि एवढा खणखणीत, की आजूबाजूची माणसं दारात आली.

“नानाऽऽ, लवकर या की वर, दाराला कुलूप आहे, किल्ली तुमच्याकडं आहे, आणि मला जाम भूक लागलीय!”

“आलो गं बाई, आलो!” नाना म्हणाले आणि कुंपण सोडून चढू लागले.